रिकाम्या डबीचं बटण

१

पंखे विकता विकता मी इमारतींच्या हवेपर्यंत कसा पोहोचलो, ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी थोडी फुगवून. इथे फुगवणार नाही.

शाळा मी अर्ध्यात सोडली. मोठ्या इमारतींत हवा, दिवे, पंप आपोआप सांभाळणारी यंत्रणा बसवणं हा माझा धंदा. तो मी जळक्या मोटारी उघडून शिकलो. नव्या गिऱ्हाइकाला मी सोपं करून सांगतो. स्वयंपाक करणारं माणूस काय करतं? चव घेतं, मीठ कमी वाटलं तर चिमूट टाकतं, परत चव घेतं. यंत्रणाही तेच करते. छतातला सेन्सर खोलीचं तापमान मोजतो, तळघरातला संगणक ते नेमलेल्या आकड्याशी ताडून बघतो आणि फरक असेल तर हवेच्या वाटेतली झडप उघडतो किंवा मिटतो. मग परत मोजतो. दिवसभर एवढंच. माणूस कंटाळतो, यंत्रणा कंटाळत नाही, म्हणून वीज वाचते.

यात माणसाचा हात नसणं हाच सगळा फायदा आणि तीच सगळी कटकट.

फार पूर्वी एका दातांच्या डॉक्टरांकडे मी भिंतीवरचं तापमानाचं बटण बसवलं होतं. महिन्याने त्यांचा फोन आला. "अहो, काय बटण दिलंत! पेशंट स्वतः उठून कमीजास्त करतात, खूश असतात." मी कौतुक घ्यायला गेलो, डबी उघडली, तर आत वायर जोडलेलीच नव्हती. मीच विसरलो होतो. मी डबी गपचूप बंद केली, त्यांनी दिलेला चहा प्यायलो आणि घरी आलो. त्या दिवशी मला धंदा कळला. माणसाला गारवा नको असतो हो, गारव्यावर आपला हात हवा असतो.

तर विम्याच्या कागदपत्रांचं एक मोठं कार्यालय होतं. सात मजले, सगळीकडे काच, खिडक्या न उघडणाऱ्या. यंत्रणा माझी. सगळीकडे चोवीस अंश, काटेकोर. पण एकाच टेबलाच्या एका बाजूला बाई शाल घेऊन बसलेली आणि दुसऱ्या बाजूला माणूस फायलीने वारा घेत असलेला. तक्रारवही महिन्याला भरायची. मी अठरा खोल्यांत अठरा डब्या बसवल्या. तळहाताएवढी पांढरी डबी, मध्ये गोल बटण, सोळापासून तीसपर्यंत आकडे, आणि दर आकड्याला एक खणखणीत टिक. ती टिक मी मुद्दाम निवडली होती. आवाज झाला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. मागे वायर नाही, भोक नाही. दोन स्क्रू आणि भिंत.

ही गोष्ट मी सोडून एकालाच माहीत होती. माझ्या जावयाला. तिथल्या तळघरातली कंट्रोल रूम तोच सांभाळायचा. मीच चिकटवला होता त्याला. मुलगा प्रामाणिक. प्रामाणिक माणूस घरात असावा, धंद्यात जपून वापरावा.

"मामा, ही फसवणूक आहे," तो म्हणाला होता.

"जावईबापू, तुम्ही माझ्या मुलीला रोज 'छान दिसतेस' म्हणता. ते काय मोजून म्हणता?"

तो हसला, पण ओठांनीच.

आठवड्याभरात तक्रारवही कोरी पडली. पाचव्या मजल्यावरच्या मोठ्या बाईंनी, त्या जुन्या फायलींच्या विभागाच्या प्रमुख, मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आमचं ऐकलं."

२

उन्हाळा लागला होता. मी महिन्याच्या फेरीला तळघरात उतरलो. ती खोली म्हणजे अख्ख्या इमारतीतली भट्टी. तीन पंप घरघरत असतात, डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप जातात, संगणकाच्या कपाटातून वाफारा येतो. मी रुमालाने मान पुसत दार ढकललं आणि बघतो तर जावईबापू स्वेटर घालून बसलेले. वरची गुंडी लावलेली. हात काखेत.

"लग्नाला चार वर्षं झाली, आता शहारे कसले येतायत?" मी म्हटलं.

"थंडी वाजतेय मामा."

"इथे? इथे पापड वाळत घातले तर भाजून निघतील."

त्याने हात पुढे केला. मी धरला. दुपारच्या बाराला, त्या भट्टीत, तो हात नळाखाली धरून आणल्यासारखा होता.

डॉक्टर करून झाले होते. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक. आणि एक गंमत म्हणजे रविवारी त्याला काही व्हायचं नाही. सुट्टीच्या दिवशी अंगणात बनियनवर बसून सायकल दुरुस्त करायचा. सोमवारी सकाळी दहा वाजले की दात वाजायला लागायचे.

मुलगी मला फोनवर म्हणाली, "बाबा, त्याला त्या तळघरातून काढा. त्याला तिथलं काहीतरी लागतंय."

"काम लागतंय गं त्याला. सोमवारी दहाला मलाही लागतं."

"थट्टा नका करू. काल ऑफिसातून साडेपाचला आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. जिना चढेपर्यंत लाल झाले. असं कुणाचं होतं का?"

मी म्हटलं, बघतो. बापाचं 'बघतो' आणि व्यापाऱ्याचं 'बघतो' यात फरक असतो. मी दुसरं म्हटलं होतं.

३

पुढच्या फेरीला त्याने टेबलावर एक कागद ठेवला. आमच्या धंद्यातला माणूस, त्याला ताप आला तरी तो आलेख काढणार. काखेत थर्मामीटर धरून दर दहा मिनिटांनी स्वतःचं तापमान लिहिलं होतं, कामाचे नऊ दिवस.

"नीट बघा," तो म्हणाला.

मी बघितलं आणि माझं हसू अर्ध्यावर थांबलं. शरीर गार पडतं तेव्हा रेघ उतरणीला लागते, हळूहळू. ही रेघ पायऱ्यांची होती. सपाट, मग एकदम खाली, मग परत सपाट. अशी पायरी मी हजार आलेखांत पाहिली आहे आणि तिचा अर्थ एकच असतो. कुणीतरी आकडा बदलला.

दहा वाजून दहा मिनिटांनी खाली. एक वाजून पाचला वर. दोनला दहा कमी असताना परत खाली. साडेपाचला वर. नऊही दिवस.

"पाचवा मजला," जावई म्हणाला. "मोठ्या बाई दहा-दहाला येतात. एकला जेवायला जातात. मी वर जाऊन बसलो होतो मामा. त्या आल्या, पर्स ठेवली, सरळ भिंतीकडे गेल्या आणि बटण फिरवलं. मी तिथेच खुर्चीत कुडकुडलो. त्यांनी मला पाणी दिलं."

"बटण कशालाही जोडलेलं नाही."

"हवेला जोडलेलं नाही," तो म्हणाला.

मी त्याला आजारी माणसाला देतात तसं हसू दिलं आणि लिफ्टने वर गेलो.

पाचव्या मजल्यावरची ती खोली लांबट. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी कपाटं, मध्ये चार टेबलं, जुन्या कागदाचा गोडसर वास. मोठ्या बाई पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळावर कायम घामाचे थेंब. त्यांच्या मागे एक हडकुळा कारकून मफलर गुंडाळून बसलेला.

"या या!" बाई म्हणाल्या. "तुमच्या बटणामुळे जिवंत आहे हो मी. ह्या वयात बाईच्या अंगातून कशा वाफा निघतात ते तुम्हा पुरुषांना काय कळणार! आल्या आल्या सोळावर नेते. लगेच गारेगार."

"आणि आम्ही मेलो तरी चालेल," कारकून म्हणाला. "बाई जेवायला नाहीतर घरी गेल्या की मी सव्वीसवर आणतो. तेवढाच माझा संसार."

"ह्यांच्या अंगात रक्त नाही, शाई आहे," बाई म्हणाल्या आणि दोघं हसले. भली माणसं. रोजची भांडणं, रोजचा डबा.

खोलीत तापमान चोवीस होतं. मी माझ्या मीटरने तीन जागी मोजलं.

'जरा साफ करून देतो' म्हणत मी डबीचं झाकण काढलं. बटण सोळावर होतं, त्याला हात लावला नाही. आत पांढरं प्लास्टिक, एक छोटी स्प्रिंग, तिच्यावर घासणारी दातेरी चकती. मागची भिंत अखंड. मी तिच्यावर अंगठा फिरवला. रंग गुळगुळीत, कुठे चीर नाही, कुठे भोक नाही. बरं वाटलं. खरं सांगतो, डोळ्यांनी रिकामी डबी बघितल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी कारकुनाला टाळी दिली.

मग झाकण लावताना जाणवलं की अंगठा गार पडलाय. नुसता गार नाही, बधिर. भिंत चोवीस अंशांची, माझाच मीटर सांगत होता. मी अंगठा पँटला चोळला आणि स्वतःला म्हटलं, वय झालं.

४

मी माल वाजवून घेणारा माणूस. मडकं असो की मोटार, बोट मारल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. म्हणून दोन दिवसांनी, बरोबर जेवणाच्या सुट्टीत, मी त्या खोलीत गेलो. कारकून त्या दिवशी रजेवर. बाई नुकत्याच गेलेल्या, टेबलावर चष्मा होता. बटण अजून सोळावर, कारण सव्वीसवर नेणारा आलाच नव्हता.

मी जावयाला फोन लावला. कुठून बोलतोय ते सांगितलं नाही.

"काय करताय जावईबापू?"

"बसलोय." आवाज जड होता. "आज एक वाजला तरी उतरली नाही मामा थंडी."

मी बटण वर नेलं. टिक, टिक, टिक, टिक. वीसवर थांबलो.

पलीकडे लांब श्वास ऐकू आला. "हां... आता जरा..."

योगायोग. व्यापारात मी योगायोगावर एक खिळासुद्धा विकत घेत नाही, पण त्या क्षणी अख्खं दुकान घ्यायला तयार होतो. मी इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या, मुलीचं विचारलं, आणि बोलता बोलता बटण सव्वीसवर नेलं.

"थांबा हं मामा, स्वेटर काढतो," तो म्हणाला. लोकर डोक्यावरून निघाल्याचा आवाज आला. तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "काय झालं माहीत नाही, एकदम उतरलं बघा."

इथे मी थांबायला हवं होतं. खात्री झाली होती. बटण चोवीसवर ठेवून वरून एक कुलूपबंद पेटी बसवली असती तर माझा जावई आज सायकल चालवत असता. तशा पेट्या माझ्याच गोदामात पडून होत्या.

पण एकदा वर नेऊन बघितलं म्हणजे अर्धीच परीक्षा झाली. मी बटण खाली आणलं. बावीस. वीस. त्याचं वाक्य मध्येच अडखळलं. परत वर नेलं, वाक्य पुढे चालू लागलं. परत खाली. नळ फिरवून धार बघावी तसं. खोटं का बोलू, त्या दोन मिनिटांत मला भीती वाटली नाही. मला मजा वाटली. आयुष्यभर मी हवा फिरवली, पंखे फिरवले, पाणी फिरवलं, पण टिकटिकीसरशी माणूस फिरतो ही चीज पहिल्यांदा हाताला लागत होती.

तो हुशार. त्याने ओळखलं.

"मामा," तो हळू म्हणाला, "तुम्ही पाचव्या मजल्यावर आहात."

मी बटणावरचा हात तसाच ठेवला.

"तुमच्या हातात आहे ते. तुम्हीच करताय. बास झालं आता. मी साहेबांकडे जातोय. अठराच्या अठरा खोट्या आहेत, उतरवा म्हणून सांगतो. आणि नुसतं इथलंच नाही, तुम्ही जिथे जिथे लावल्यात तिथलं सगळं सांगतो. कुठल्या डबीला कोण लागलंय देव जाणे."

"जावईबापू, बसा. मी खाली येतो. बोलू."

"नाही. निघालो मी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

साठ इमारतींत मी अशा डब्या लावल्या होत्या. साठ इमारतींतली माणसं मला लिफ्टमध्ये गाठून हात जोडतात. त्याने नुसतं परत खाली बसावं, माझं ऐकून घ्यावं, एवढंच माझ्या मनात होतं. मी बटण खाली नेलं. अठरा. "मा—" तो म्हणाला. सतरा. सोळा. सोळावर अडसर असतो, बटण पुढे जात नाही. मी ते अडसरावर दाबून धरलं. जोर लावून.

फोनमध्ये आधी दात वाजले. मग श्वास तुटक झाला. मग काहीतरी जड खाली बसलं, आणि फोन फरशीवर आपटल्यासारखा आवाज. त्यानंतर नुसते पंप.

"जावईबापू?"

घर्र, घर्र, घर्र.

बाहेर पॅसेजमध्ये बाईंची चप्पल वाजली, त्या कुणाशीतरी हसत येत होत्या. मला एकच सुचलं. हे मुळापासून उपटून टाकायचं, म्हणजे ह्यापुढे कुणी ह्याला खाली नेणार नाही, बाईही नाही, मीही नाही. खिशात स्क्रूड्रायव्हर कायम असतो. दोन स्क्रू, चार-चार फेरे. डबी भिंतीवरून सुटली, खिशात टाकली आणि मी जिन्याने धावत सुटलो.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय थांबले.

मी जेवढी माणसं हाताखाली तयार केली त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतो. चालू यंत्रणेतून भिंतीवरची डबी कधी तशीच काढायची नाही. हुकूम यायचा बंद झाला की यंत्रणा थांबत नाही. तिला आलेला शेवटचा हुकूम ती धरून बसते, आणि दुसरा येईपर्यंत सोडत नाही. म्हणून आधी आकडा ठीक जागी आणायचा, मग स्क्रू.

खरी डबी मी तशीच उपटली नसती हो. कधीच नाही. हाताला सवय आहे. ही खोटी, म्हणून उपटली.

५

तो टेबलाच्या पायाशी बसला होता. डोळे उघडे, माझ्याकडे बघत असलेले. जिवंत होता. मी खिशातून डबी काढून त्याच्यासमोर धरली आणि बटण वर नेलं, सतरा, वीस, पंचवीस, तीस. टिकटिक तीच. तो बघत राहिला. मी परत सोळावर आणून परत तीसवर नेलं. लहान मुलाला खुळखुळा दाखवावा तसा मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून ते बटण फिरवत होतो, आणि त्या भट्टीत, जिथे माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, तिथे त्याच्या तोंडातून दर श्वासाला पांढरी वाफ निघत होती.

हॉस्पिटलात दोन दिवस ठेवला. गरम सलाइन दिलं, गरम हवेची गादी दिली. थर्मामीटर सोमवारी जिथे होता तिथेच बुधवारी. वर नाही, खाली नाही. डॉक्टरने तीन थर्मामीटर बदलले. शेवटी म्हणाला, हृदय चालू आहे, मेंदू चालू आहे, घरी न्या, उबेत ठेवा.

मुलीने त्याला आतल्या खोलीत ठेवलं. दारं-खिडक्या बंद, उन्हाळा, वर चार रजया, पायाशी शेगडी. ती स्वतः घामाने निथळत त्याच्या उशाशी बसून तळवे चोळत होती. चोळलेली जागा लाल व्हायची आणि तिच्या डोळ्यांदेखत परत मेणासारखी पडायची.

तो बोलत नव्हता. जबडा हलत नव्हता. पण मी खोलीत गेलो की डोळे माझ्यावर यायचे आणि मी उठेपर्यंत तिथेच राहायचे.

"बाबा, शेवटचं तुमच्याशीच बोलत होता ना तो?" मुलगी म्हणाली. "त्याच्या फोनवर तुमचं नाव होतं. काय म्हणत होता?"

रजयांच्या आतून डोळे माझ्याकडे.

"काही नाही गं," मी म्हटलं. "स्वेटर काढतो म्हणाला."

ती रडली. "त्याला बरं वाटत होतं म्हणजे," ती म्हणाली आणि परत तळवे चोळायला लागली.

६

गुरुवारी सकाळी कार्यालयातून फोन आला. पाचव्या मजल्यावरचं बटण कुणीतरी चोरलं, मोठ्या बाई कामाला हात लावत नाहीत, ताबडतोब नवीन बसवून द्या.

जुनी डबी मी तोवर पंधरा वेळा भिंतीला लावून बघितली होती, माझ्या घरी, मुलीच्या घरी, तळघरात. प्लास्टिक. पण त्या फोनने मला वेगळीच आशा लागली. जागा तीच, भिंत तीच, स्क्रूची भोकं तीच. दुसरा हुकूम यायचा तर तिथूनच येईल. ती मेलेली डबी आता कोणाच्याच कामाची नव्हती. मी गोदामातून कोरी डबी घेतली, खोक्यातली, कुणाचा हात न लागलेली.

साडेदहाला मी पाचव्या मजल्यावर होतो. बाई फायलीने वारा घेत उभ्याच होत्या. "तीन दिवस झाले हो. तीन दिवस मी ह्या भट्टीत शिजतेय." मीटर चोवीस दाखवत होता. कारकून मफलरमधून म्हणाला, "तीन दिवस मी सुखात होतो. चोराचं भलं होवो."

मी स्क्रू कसले. बटण मधोमध, तेविसावर. मुलीला फोन लावला आणि तो खांदा-कानात धरला.

"कसा आहे गं?"

"तसाच."

मी वर नेलं. चोवीस. पंचवीस. "आता बघ. हात लावून बघ त्याला."

"गारच आहे बाबा."

सत्तावीस. एकोणतीस. "आता? काही फरक?"

"नाही हो." ती थांबली. कापड फडफडल्याचा आवाज आला. "बाबा, थांबा जरा. खिडकी उघडते. एकदम काय उकडायला लागलं मला, आगीत धरल्यासारखं. डोळ्यांसमोर अंधारी येतेय."

मी बटणाकडे बघितलं. मग परत तेविसावर आणलं, एकेक टिक, अंडं उचलावं तसं.

"हां," मुलगी म्हणाली. "गेलं. जागरणाचं असेल."

मी ते बटण सोडलं नाही. कुलपाची पेटी गाडीत होती, खाली, सहा मिनिटांवर. डबी उतरवू शकत नव्हतो; तिच्यासाठी ठीक आकडा कुठला हे कुणाला माहीत, आणि चुकला तर ती कायमची तिथेच. सोडून जाऊ शकत नव्हतो. मी तिथे भिंतीला नाक लावून उभा राहिलो, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"झालं ना?" बाईंचा आवाज अगदी कानाशी आला. "सरका बरं."

"बाई, एक मिनिट. ह्याला... ह्याला आज हात लावू नका."

"का? मग बसवलंत कशाला?"

माझ्याकडे खोटं उरलं नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. "बाई, हे खोटं आहे. मागे वायर नाही, काही नाही. रिकामी डबी आहे. तुम्ही इतके दिवस जे फिरवत होता त्याने काहीही होत नव्हतं. शपथ घेतो. सगळ्या इमारतीतली बटणं खोटी आहेत."

कारकुनाने मफलर खाली केला. बाईंचा गोल चेहरा लाल होत गेला, कानांपर्यंत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं त्या मला मारतील. तसं झालं असतं तर बरं होतं.

"म्हणजे मला वेडी ठरवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं हसली असतील मला."

"बाई, माफ करा. पण हात लावू नका."

"काहीच होत नाही ना ह्याने?"

मी बटणावरची पकड घट्ट केली.

"मग मी फिरवलं तर तुमचं काय जातंय?"

त्यांनी माझा हात मनगटाशी धरून बाजूला केला. चांगलाच जोर होता त्या हातात, आयुष्यभर फायलींचे गठ्ठे उचललेला हात. त्यांची बोटं बटणावर बसली आणि माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी ते खाली फिरवायला सुरुवात केली. टिक. टिक. सावकाश, चवीने. टिक. माझ्या कानाशी मुलगी म्हणत होती, "बाबा, खिडकी परत लावते हं," आणि टिक, "अहो, लागत नाहीये, बोटंच वळत नाहीयेत माझी," आणि बाईंनी बटण अडसराला टेकवलं आणि तरीही, रागाने, दाबत राहिल्या.